दाढेचा तुकडा उडाला तर

दाढ तुटते ती बऱ्याचदा काहीतरी मऊ खाताना. मिसळीबरोबरचा पाव, वरणभात, केळं. "डॉक्टर, कडक काही खाल्लंच नव्हतं हो," हे वाक्य कुठल्याही दातांच्या दवाखान्यात ऐकू येतं आणि ते खरंही असतं. कडक जे काही चावायचं ते आधीच चावून झालेलं असतं. वर्षानुवर्षांची सुपारी, चिवड्यातला एखादा न फुटलेला फुटाणा, तांदळातला खडा, दातांनी उघडलेली बाटल्यांची झाकणं, झोपेत दात खाण्याची सवय. यातल्या एकेकाने दाढेतली बारीक चीर थोडी थोडी पुढे सरकवलेली असते. शेवटचा घास नुसता निमित्ताचा धनी.

त्यातून दोन प्रकारच्या दाढा सगळ्यात आधी दगा देतात. एक, जिच्यात मोठं जुनं चांदीचं फिलिंग आहे. चांदी दाताला चिकटत नाही, खाचेत अडकून बसते. भोवतीच्या भिंती पातळ उरल्या असतील तर प्रत्येक घासाला त्या बाहेर ढकलल्या जातात आणि एक दिवस एखादी भिंत अख्खी निघून येते. दुसरी, रूट कॅनाल करून कॅप न बसवलेली. "दुखायचं थांबलं ना, मग कॅप कशाला," म्हणत सिमेंटवर वर्ष-दोन वर्षं काढणारे पुष्कळ. रूट कॅनालनंतर दाढ कमजोर होते याचं मुख्य कारण म्हणजे आत शिरायला तिचं छप्परच कापलेलं असतं आणि किडीने भिंती आधीच खाल्लेल्या असतात. अशी दाढ कधीकधी उभीच चिरते, थेट मुळापर्यंत, आणि मग ती काढण्याखेरीज इलाज उरत नाही.

तुकडा केवढा पडला ते पाहून घाबरू नये आणि निर्धास्तही होऊ नये. अर्धी दाढ गेली तरी ती वीस वर्षं चालेल अशी बांधता येते, आणि केसाएवढी भेग असलेली दाढ हातची जाऊ शकते. सगळं दोन गोष्टींवर ठरतं: तुटलेली जागा नसेपर्यंत पोचली का, आणि ती हिरडीच्या खाली कुठवर उतरली. या दोन्हींबाबत दुखणं हा भरवशाचा साक्षीदार नाही. रूट कॅनाल झालेल्या दाढेत नसच नसते, ती तुटली तर काही कळतच नाही. जिवंत दाढेतही सुरुवातीला नुसतं गार लागतं आणि चार-आठ दिवसांत तेही थांबतं. लोक म्हणतात, बरं झालं. कधी खरंच बरं झालेलं असतं. बाकी वेळा नस मेलेली असते आणि महिन्या-दोन महिन्यांनी, हमखास एखाद्या सणाच्या रात्री, गाल सुजतो.

पहिल्या तासाभरात

तोंडात काही खडखडीत लागलं तर गिळू नका, थुंकून हातात घ्या. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून हलक्या चुळा भरा. रक्त येत असेल तर स्वच्छ गॉज किंवा सुती रुमालाची घडी त्या जागी ठेवून दहा-पंधरा मिनिटं दाबून धरा. मध्ये सारखं काढून बघू नका, जमलेली गाठ निघून येते. मार लागून तुटला असेल तर गालावर बाहेरून बर्फ, फडक्यात गुंडाळून, दहा मिनिटं ठेवायचा आणि दहा मिनिटं काढायचा.

तुकडा जपून ठेवा. पुढच्या दाताचा असेल तर फारच. डबीत थोडं पाणी किंवा दूध घेऊन त्यात बुडवून आणा. जुळत असेल तर तोच तुकडा परत चिकटवता येतो आणि रंगाची, आकाराची इतकी तंतोतंत भर कुठलंही मटेरियल घालत नाही. कागदाच्या पुडीत आणलेला तुकडा सुकून पांढरा पडतो. मग चिकटवण्याआधी त्याला वीसेक मिनिटं पाण्यात भिजवावं लागतं. दाढेचा तुकडा सहसा परत लावत नाहीत, पण तो पाहिला की भेग कुठून गेली ते कळतं. आणि अपघातात ओठही फाटला असेल, तुकडा सापडत नसेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. तो ओठाच्या आत रुतलेला असू शकतो, ओठाच्या एक्स-रेत दिसतो. ठसका, खोकला, धाप असेल तर श्वासनलिकेत गेल्याची शंका धरून छातीचा एक्स-रे काढतात.

धारदार कड जीभ कापत असेल तर तिच्यावर मेण दाबून बसवा. तारा लावलेल्या मुलांसाठी मेडिकलमध्ये मिळतं ते उत्तम, नाहीतर साध्या पांढऱ्या मेणबत्तीचं. तेही नसेल तर साखर नसलेलं च्युइंगगम चघळून त्याची गोळी.

दुखत असेल तर पॅरासिटामॉल: मोठ्या माणसाला ५०० किंवा ६५० मिलिग्रॅमची एक गोळी, सहा तासांच्या अंतराने. चोवीस तासांत ४ ग्रॅमच्या वर कधीच जायचं नाही, आणि यकृताचा त्रास असेल तर विचारल्याशिवाय नाही. आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम सुजेवर जास्त चांगलं काम करतं, पण भरल्या पोटी. अल्सर, मूत्रपिंडाचा आजार, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, गरोदरपण यांत ते नको. आणि पावसाळ्यात अंगात ताप असून डेंग्यूची शंका असेल तेव्हाही नको.

आता घरोघरी होणारे उपद्व्याप. डिस्प्रिनची गोळी हिरडीवर दाबून ठेवली की तिथली कातडी पांढरी पडून सोलवटते. ती गोळी पोटात गेल्यावरच काम करते, हिरडीवर नुसती भाजते. लवंगेचं तेल थोडा वेळ ठणका कमी करतं हे खरं, पण कापूस चिंब करून बसवला तर हिरडी भाजते. शिवाय त्यातलं युजेनॉल दाताच्या रंगाचं फिलिंग नीट कडक होऊ देत नाही. लावलंच असेल तर डॉक्टरांना सांगा. फेविक्विकने तुकडा किंवा कॅप चिकटवणं तर अजिबात नको. तुकडा तिरका बसतो, सुटत नाही, आणि पुढे तो कापून काढावा लागतो. मेडिकलवाल्याकडून अँटिबायोटिकचा पत्ता आणून सुरू करणं हाही शुद्ध वेळेचा अपव्यय. आतली नस मेली की तिथला रक्तपुरवठाच बंद होतो. औषध पोचणार कसं? दुखणं उघडून साफ केल्यानेच जातं.

काही लक्षणांत मात्र दातांच्या दवाखान्याची वाट धरू नये. सूज डोळ्यापर्यंत किंवा जबड्याखाली मानेकडे पसरतेय, गिळताना त्रास होतो, तोंड दोन बोटंही उघडत नाही, सोबत ताप आहे. किंवा गाडीवरून पडल्यावर शुद्ध गेली होती, उलट्या होतात. अशा वेळी रात्रीचे दोन वाजले असले तरी मोठ्या रुग्णालयातल्या कॅज्युअल्टीत जायचं. नाशिक शहरात त्र्यंबक रस्त्यावरचं जिल्हा रुग्णालय सगळ्यांना माहीत आहे.

अख्खा दात निखळला तर

गोल्फ क्लब मैदानावर कुणाला चेंडू लागतो, गंगापूर रोडवर स्पीडब्रेकरला कुणाची स्कूटर घसरते, आणि पुढचा दात मुळासकट बाहेर येतो. इथे घड्याळ चालू होतं. मुळाच्या पृष्ठभागावरच्या जिवंत पेशी सुकल्या की संपलं, आणि उघड्या हवेत त्या तासाभरातच संपतात.

दात कायमचा आहे ना, एवढं आधी बघा. दुधाचा असेल तर परत बसवायचा नाही, खालच्या कायमच्या दाताला इजा होते. कायमचा असेल तर वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचला, मुळाला हात लावू नका. माती लागली असेल तर दूध किंवा सलाईनने, नाहीतर नळाच्या हलक्या धारेखाली काही सेकंद धुवा. घासायचं नाही, साबण नाही, डेटॉल नाही. माणूस शुद्धीवर असेल तर तिथल्या तिथे खाचेत सरकवा, पुढची बाजू पुढे येईल असा, आणि रुमालाची घडी चावून धरायला सांगा. धीर होत नसेल तर दात थंड दुधात टाका. मैदानाशेजारच्या टपरीवरची दुधाची पिशवी यासाठी पुरते. दूध नसेल तर त्या माणसाच्याच थुंकीत. साधं पाणी सगळ्यात शेवटचा पर्याय, कारण त्यात पेशी फुगून फुटतात.

डॉक्टर तो दात शेजारच्या दातांना लवचिक तारेने साधारण दोन आठवडे बांधून ठेवतात. मोठ्या माणसात त्याच दोन आठवड्यांत रूट कॅनालही सुरू करावं लागतं. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं, तेही आठवून सांगा.

खुर्चीत बसल्यावर

चांगला डॉक्टर आधी विचारतो आणि मग ड्रिल उचलतो. गार लागतं का, लागून लगेच जातं की मिनिटभर रेंगाळतं? रात्री आपोआप ठणकतं का? चावताना दुखतं की चावलेलं सोडताना? गार लागून दोन-चार सेकंदांत जात असेल तर नस बहुधा शाबूत आहे. गरम चहाने कळ उठते आणि गार पाण्याने बरं वाटतं, हे लक्षण वाईट. मग थंडाव्याची चाचणी, दातावर टिचकी, हिरडीत बारीक मोजपट्टी घालून चारी बाजूंनी खोली बघणं, आणि आरव्हीजी, म्हणजे संगणकावर लगेच दिसणारा छोटा एक्स-रे.

एक्स-रेत कीड, मुळाखालचा पू, हाडाची पातळी दिसते. भेग बहुतेकदा दिसत नाही. ती दाढेत पुढून मागे गेलेली असते आणि किरण गालाकडून येतात, त्यामुळे फोटो साफ येतो. "एक्स-रेमध्ये काही नाही" याचा अर्थ भेग नाही असा धरू नका. तिच्यासाठी प्रत्येक टोकावर प्लास्टिकचा छोटा ठोकळा ठेवून चावायला लावतात. चावून सोडताना एका ठरावीक टोकावर सणक आली की चोर सापडला. कधी जुनं फिलिंग काढून निळा रंग लावतात, कधी बाजूने प्रकाश टाकतात. भेगेपाशी प्रकाश अडतो आणि पलीकडचा भाग काळोखा दिसतो. आणि त्या मोजपट्टीने सगळीकडे २-३ मिलिमीटर आणि एकाच जागी अचानक ८ किंवा ९ दाखवलं, तर भेग मुळावर उतरली असल्याची दाट शंका. तशा दाढेवर खर्च करण्याआधी दहादा विचारा.

शुगर, ब्लडप्रेशर, हृदयाची झडप बदललेली, हाडांसाठीची इंजेक्शनं, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, दिवस गेलेले असणं: हे सगळं डॉक्टरांनी विचारायची वाट न पाहता सांगा. गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. आणि डायबिटीस असेल तर उपाशी येऊ नका. जेवून, रोजचं औषध घेऊन या.

किती खोल, त्यावर काय

नुसत्या कवचाचा टवका गेला असेल तर कड घासून गुळगुळीत केली की झालं. इंजेक्शनही लागत नाही.

कवचाखालचा पिवळसर थर, डेंटिन, उघडा पडला असेल तर तो झाकायलाच हवा. त्या थरात नसेकडे जाणाऱ्या अतिसूक्ष्म नळ्या असतात. निफाडचा पारा एक आकडी होतो त्या दिवसांत पहाटे फिरायला निघालेल्या माणसाला तोंडाने घेतलेली हवासुद्धा झोंबते, ती याच नळ्यांमुळे. त्याच वाटेने जंतूही आत जातात, म्हणून "सहन होतंय" हे कारण थांबायला पुरेसं नाही.

इथे बहुधा कॉम्पोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचं फिलिंग करतात. ते किती टिकेल हे मटेरियलच्या कंपनीपेक्षा करताना दात किती कोरडा राहिला यावर जास्त ठरतं, म्हणून हे काम जरा जवळून पाहू. शेड आधी ठरवतात, दात ओला असताना. तोंड उघडं राहून दात सुकला की तो मूळ रंगापेक्षा पांढरा दिसतो आणि शेड चुकते. मग जागा बधिर करून रबर डॅम लावतात: दाताभोवती ताणून बसवलेली रबराची पातळ चादर, जिच्यातून तेवढा दातच वर डोकावतो. तो नसेल तर कापसाचे बोळे आणि सक्शन, पण खालच्या मागच्या दाढेत जीभ आणि लाळ यांच्यापुढे बोळ्यांचं फार चालत नाही. कीड आणि सैल कड काढल्यावर ३७ टक्क्यांचं फॉस्फरिक ॲसिडचं जेल लावतात, बहुधा निळं. कवचावर १५ ते ३० सेकंद, डेंटिनवर १५ च्या वर नाही. धुऊन हवा मारली की कवच चकाकी सोडून खडूसारखं पांढरं दिसायला लागतं. तसं दिसलं म्हणजे पकड मिळणार. डेंटिन मात्र पूर्ण सुकवायचं नसतं, किंचित ओलसर ठेवायचं, नाहीतर फिलिंग झाल्यावर दाढ आठवडेच्या आठवडे चावताना बोचत राहते.

या क्षणी लाळेचा किंवा रक्ताचा एक थेंब लागला तर पुन्हा ॲसिडपासून सुरुवात. घाईत हे टाळलं जातं, आणि "सहा महिन्यांत फिलिंग पडलं" या तक्रारीच्या मुळाशी बऱ्याच वेळा हाच थेंब असतो.

त्यावर बॉन्ड, म्हणजे फिलिंग दाताला चिकटवणारा द्रव, हवेने पातळ करून, निळ्या लाइटखाली कडक करतात. मग कॉम्पोझिट, एका वेळी २ मिलिमीटरच्या आतला थर, प्रत्येक थराला साधारण २० सेकंद लाइट. जाड थर एकदम भरला तर वरचा कडक होतो आणि तळ कच्चा राहतो. शिवाय कडक होताना ते आकसतं, कडेला फट पडते, तिथून पाणी आणि कीड शिरते. ४ मिलिमीटरपर्यंत एकदम भरता येणारी कॉम्पोझिटंही असतात, पण ती तशी बनवलेली असावी लागतात. दोन दाढांमधली भिंत बांधायची असेल तर धातूची पातळ पट्टी आणि फटीत पाचर लागते. पाचर नीट बसली नाही की दोन दाढांत जागा राहते आणि मग प्रत्येक जेवणानंतर मेथीची काडी तिथेच.

शेवटी निळा किंवा लाल कागद दातांत धरून चावायला लावतात, आणि जिथे गडद ठिपका उमटतो तेवढंच घासतात. ही पायरी उरकून टाकू देऊ नका. बधिर तोंडाला उंची कळत नाही. दुसऱ्या दिवशी आधी तीच दाढ टेकतेय असं वाटलं तर "होईल सवय" म्हणून बसू नका, फोन करून जा. पाच मिनिटांचं काम असतं, आणि तसंच ठेवलं तर चांगली दाढ ठणकायला लागते.

हळद आणि चहा यांनी कॉम्पोझिटचा रंग बदलतो, हे पुढच्या दातांवर लवकर दिसतं. पॉलिश करून बराच परत आणता येतो.

नस उघडी पडली असेल, म्हणजे तुटलेल्या जागी गुलाबी ठिपका किंवा रक्ताचा थेंब दिसत असेल, तर वय महत्त्वाचं. सात-आठ वर्षांच्या मुलाचा पुढचा कायमचा दात नुकता आलेला असतो, मुळाचं टोक अजून उघडं असतं. तिथे पूर्ण रूट कॅनाल करण्याची घाई करू नये. नसेचा वरचा सुमारे २ मिलिमीटर भाग काढून वर एमटीए किंवा बायोडेंटिन (नस झाकायची खास सिमेंटं) लावलं की खालची नस जिवंत राहते आणि मूळ पुढे वाढतं. यासाठी लहान मुलांच्या दंततज्ज्ञाकडे त्याच दिवशी जावं. मोठ्या माणसात किडीशिवाय नुसता मार असेल तर हा उपाय चालू शकतो. आधीच रात्रीचं ठणकत असेल तर बहुधा रूट कॅनाल.

रूट कॅनालची भीती वाजवीपेक्षा जास्त आहे. सुजलेल्या, तापलेल्या दाढेत इंजेक्शन कमी लागू पडतं हे मात्र खरं. तिथले पेशीद्रव आम्लधर्मी झालेले असतात आणि औषध नसेत शिरत नाही. दुखलं तर हात वर करा, आणखी देता येतं. नंतर दोन-तीन दिवस चावताना हुळहुळतं. ओठ दोन-तीन तास बधिर राहतो. तोवर जेवण नको, आणि लहान मूल ओठ चावत बसणार नाही याकडे लक्ष ठेवा.

दाढेत भेग असेल पण तुकडे वेगळे झाले नसतील, तर आधी तिच्याभोवती पट्टा किंवा तात्पुरती कॅप बसवून काही आठवडे बघतात. सणक थांबली तर कायमची कॅप, नाही थांबली तर रूट कॅनाल करून कॅप. नस ज्या पोकळीत असते तिच्या तळातून भेग आरपार गेली असेल तर दाढ काढावी लागते. हे कधीकधी उघडल्यावरच कळतं, म्हणून सुरुवातीलाच विचारून ठेवा: आत भेग सापडली तर कुठे थांबायचं आणि तोवरचे पैसे किती?

कॅप आणि तिच्याखालचा दात

चर्चा सगळी झिरकोनिया (पांढरं टणक सिरॅमिक) की मेटल-सिरॅमिक (आत धातू, वर सिरॅमिकचा थर) यावर होते. खरा प्रश्न कॅपखाली काय उरलंय हा. हिरडीच्या वर चहूबाजूंनी निदान २ मिलिमीटर निरोगी दात हवा, म्हणजे कॅप त्याला कवेत घेते. डॉक्टर याला फेरूल म्हणतात. तेवढा नसेल तर झिरकोनिया लावा की सोनं, चावताना कॅप हलत राहते आणि एक दिवस आतल्या खुंटासकट हातात येते. दाताच्या मुळाच्या आत फायबर पोस्ट, म्हणजे बारीक काडी, घालून वर गाभा बांधतात, पण पोस्टने दात मजबूत होतो हा गैरसमज आहे. पोस्ट फक्त गाभा धरून ठेवतो, आणि त्यासाठी मूळ पोखरावं लागतं. भिंती पुरेशा असतील तर न घातलेलाच बरा.

दात हिरडीच्या खाली तुटला असेल तर हिरडी आणि थोडं हाड कापून कड वर आणतात, किंवा तारेने मूळ हळूहळू वर ओढतात. दोन्ही जमतं, पण मूळ लांब असेल तरच. आखूड मुळावर हा सगळा खटाटोप करण्यापेक्षा काढून इम्प्लांट (हाडात बसवलेल्या स्क्रूवरचा दात) किंवा ब्रिजचा (शेजारच्या दातांवर टेकवलेला दात) विचार सरळ.

मागच्या दाढेला, जिथे दिसण्याचा प्रश्न नाही, पूर्ण धातूची कॅप अजूनही उत्तम असं माझं मत. ती फुटत नाही आणि तिच्यासाठी दात कमी घासावा लागतो. पण आजकाल ती कुणालाच नको असते. मेटल-सिरॅमिकचा वरचा थर कधी टवका जाऊन पडतो आणि काही वर्षांनी हिरडीपाशी काळी रेघ दिसते. झिरकोनिया टणक, नीट पॉलिश केलेली नसेल तर समोरच्या दाताला झिजवते. माप घेताना हिरडी रक्ताळलेली असेल तर कड नीट उमटत नाही. तेव्हा "आज नको, चार दिवसांनी घेऊ" म्हणणाऱ्या डॉक्टरांवर चिडू नका.

लॅबमधून कॅप यायला चार-आठ दिवस लागतात, तोवर तात्पुरती. तिच्यावर तिळगूळ, चिक्की, गोळ्या-चॉकलेटं नाहीत. दातांच्या फटीत सफाईचा दोरा (फ्लॉस) घातला तर वर न ओढता बाजूने काढून घ्यायचा. कायमची कॅप बसवताना सिमेंट लावण्याआधी शेजारच्या दाताला दोरा अडकतो का, कागदावर ठिपका कुठे येतो, आरशात रंग कसा दिसतो, हे सगळं बघून घ्या. हिरडीखाली उरलेला सिमेंटचा कण महिनोन्‌महिने हिरडी सुजवत ठेवतो.

नाशिकमध्ये कुठे, आणि पैशाचं काय

कॉलेज रोड, गंगापूर रोड, इंदिरानगर, नाशिकरोड, सिडको, कुठेही दर चौकात दोन बोर्ड दिसतील. बोर्डावरच्या दिव्यांपेक्षा महाराष्ट्र राज्य दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक, पाऊचमधून समोर उघडलेली हत्यारं आणि रबर डॅम वापरतात का, हे बघा.

खर्च झेपत नसेल तर पंचवटीतलं कर्मवीर भाऊसाहेब हिरे दंत महाविद्यालय हा चांगला पर्याय आहे. विद्यार्थी काम करतात, शिक्षक प्रत्येक टप्पा तपासतात. त्यामुळे खर्च कमी आणि वेळ जास्त. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा, तपासणी झाली की ते तुम्हाला विभागात पाठवतील: फिलिंग-रूट कॅनालला कॉन्झर्व्हेटिव्ह, कॅपला प्रोस्थो, मुलांना पेडो. सातपूर-अंबडच्या कामगारांनी ईएसआयचं कार्ड असेल तर तिथे आधी चौकशी करावी. सुरगाणा, पेठ, कळवणकडून येणाऱ्यांनी पहिल्याच फोनवर सांगावं की आम्ही लांबून येतो. रूट कॅनाल बऱ्याचदा एकाच लांब बैठकीत होतं आणि माप त्याच दिवशी घेता येतं; दोन एसटी फेऱ्या वाचतात.

अंदाजपत्रक लेखी आणि फोडून मागा: एक्स-रे, रूट कॅनाल, पोस्ट-गाभा, तात्पुरती कॅप, कायमची कॅप कोणत्या मटेरियलची. "सगळं मिळून इतके" असा आकडा दुसऱ्या दवाखान्याशी ताडून बघता येत नाही. झिरकोनियाबरोबर लॅबचं कार्ड येतं. त्यावरची वॉरंटी कॅपची असते, खालच्या दाताची नाही. बहुतेक मेडिक्लेम पॉलिसींत दातांचं ओपीडी काम धरत नाहीत. अपघात होऊन भरती व्हावं लागलं तर गोष्ट वेगळी, तेव्हा बिलं, एक्स-रे आणि पोलिसांत नोंद झाली असेल तर तिची प्रत जपून ठेवा.

कॅप निघून आली तर

ती डबीत ठेवा आणि ब्रश करताना बेसिनची जाळी लावून घ्या. कॅपा नळीतून जाण्याचं प्रमाण बरंच आहे. आतलं सिमेंट सुईने खरवडू नका, कड बिघडते. कॅप रिकामी असेल तर साफ करून तीच परत बसण्याची शक्यता चांगली. आत दाताचा खुंट अडकलेला दिसला तर खाली मूळ तुटलंय, आणि बोलणं नव्याने करावं लागेल. गिळली असेल आणि ठसका लागला नसेल तर ती पोटातून बाहेर पडते. उघड्या दातावर त्या बाजूने चावू नका आणि दोन-तीन दिवसांतच दवाखाना गाठा. शेजारचे दात उघड्या जागेकडे सरकायला लागतात, आणि मग तीच कॅप, तोच दात असूनही बसत नाही.